राजाचा शेवटचा घास

कोसलचा राजा पसेनदी जेवून उठला आणि तसाच बुद्धांच्या भेटीला जेतवनात आला. आला तेव्हा त्याला धाप लागली होती. श्रावस्ती नगराच्या बाहेर, फार दूर नसलेलं ते वन. आजच्या उत्तर प्रदेशात तिथल्या विहारांचे विटांचे पाये पाहायला मिळतात. राजाने वंदन केलं, एका बाजूला बसला, पण श्वास काही खाली बसेना. संयुत्त निकायातलं एक छोटंसं सुत्त ही हकिगत सांगतं आणि कारणही तिथेच देतं: त्या काळी राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे. हा द्रोण म्हणजे पळसाच्या पानांचा नव्हे. धान्य मोजायचं ते जुनं, चांगलं मोठं माप होतं.

बुद्धांनी राजाकडे पाहिलं आणि एक गाथा म्हटली. तिचा आशय असा, की जो जागेपणाने जेवतो आणि ताटात आलेल्या अन्नातलं आपलं माप ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात, आयुष्य जपलं जातं आणि सगळं सावकाश जिरतं. या 'जिरण्या'पाशी थोडं थांबायला हवं. गाथेतलं पाली क्रियापद दोन्हीकडे लागू पडतं: अन्न सावकाश पचतं असाही अर्थ होतो आणि माणूस सावकाश म्हातारा होतो असाही. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही अन्न जिरतं आणि शरीर जीर्ण होतं. दोन्ही शब्द एकाच धातूचे.

राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की माझ्यापाशी म्हणत जा, रोज शंभर कहापण नाणी देईन. सुदर्शनने ते काम पत्करलं. हळूहळू राजाचा भात द्रोणावरून एका नाळीवर, म्हणजे कितीतरी लहान मापावर आला. पुढे एके दिवशी हलक्या झालेल्या आपल्या अंगावरून हात फिरवत राजा म्हणाला, की भगवंतांनी माझ्यावर दोन्हीकडून अनुकंपा केली. या जन्मीचं हित पाहिलं आणि पुढचंही.

अट्ठकथांनी, म्हणजे नंतरच्या पाली भाष्यांनी, यातली युक्ती जास्त तपशिलात सांगितली आहे. गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नाही. राजा शेवटचा घास उचलेल तेव्हा म्हणायची. ती ऐकून राजाने तो घास खाली ठेवायचा. त्या घासात जेवढी शितं असतील तेवढे तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवताना कमी घ्यायचे. परवा आणखी एक घास कमी. उपास नाही, वर्ज्य नाही, पथ्याची यादी नाही. रोज एकच घास, आणि तोही शेवटचा.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट उतारवयात न हटणाऱ्या वजनाबद्दल आजही बरंच काही सांगते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, धर्माने या बाबतीत बोलायचं असेल तर कोणत्या आवाजात बोलावं, हे ती दाखवते. गाथेत राजाला कोणी खादाड म्हटलेलं नाही. पापाचा उल्लेख नाही, नरकाची भीती नाही. समोर धापा टाकणारा माणूस बसला आहे आणि त्याची धाप कमी व्हावी एवढीच बोलणाऱ्याची इच्छा आहे.

आपल्या समाजात वजनाबद्दल बोललं जातं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच सुरात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं पोट सुटलं, की त्यावर दोनच निकाल दिले जातात. एक, 'वय झालं, आता सुटणारच.' दुसरा, 'तोंडावर ताबा नाही.' पहिल्या निकालात सगळं प्राक्तनावर टाकलेलं असतं, दुसऱ्यात सगळं माणसाच्या चारित्र्यावर. नशीब की कर्तृत्व, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद इथे ताटाशी येऊन बसतो, आणि दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या ठरतात.

वयाचंच घ्या. चाळिशीनंतर शरीराची भट्टी मंदावते, म्हणून वजन चढतं, असं जवळजवळ सगळेच समजतात. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध केली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून पंच्याण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात धरली तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर, वर्षाला साधारण ०.७ टक्के. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी घट्ट झालेल्या सदऱ्याचा दोष मंदावलेल्या भट्टीवर टाकता येत नाही. त्या वयात बदलतं ते आजूबाजूचं. चालणं कमी होतं, बसणं वाढतं, झोप तुटते. तिशीनंतर दर दशकात थोडे थोडे स्नायू झिजत जातात आणि त्यांच्या जागी चरबी येते. बाईच्या बाबतीत पाळी थांबण्याच्या सुमारास चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. तिने एक घासही जास्त खाल्लेला नसतो, तरी साडीच्या निऱ्या खोचताना ते हाताला कळतं.

मग दुसरा निकाल खरा म्हणायचा का, की सगळा ताब्याचा प्रश्न आहे? त्यालाही पुरावा साथ देत नाही. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम होता. अतिलठ्ठ माणसांनी काही महिन्यांत प्रचंड व्यायाम आणि कडक आहार करून वजन उतरवायचं, अशी ती स्पर्धा. केव्हिन हॉल या संशोधकाने तिच्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या माणसांचे सरासरी ४१ किलो परत आले होते. त्याहून वाईट हे, की त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. वजन परत आलं, पण आटलेला खर्च सहा वर्षांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. या माणसांच्या निग्रहाबद्दल शंका घेणं अन्यायाचं होईल; लाखो लोकांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. शरीर गेलेली चरबी विसरत नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाच्या द्रव्याच्या मार्फत मेंदूला साठ्याची खबर देत असतात, हे १९९४ पासून माहीत आहे. साठा घटला की खबर घटते आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. भूक वाढवतो, खर्च आवळतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय या विषयावर आहे आणि त्याच्या नावातच 'निंदित' हा शब्द आहे. लोक ज्यांची निंदा करतात अशा आठ प्रकारच्या शरीरांची तिथे गणना केली आहे: फार उंच, फार बुटके, फार केसाळ, केस नसलेले, फार काळे, फार गोरे, फार लठ्ठ आणि फार कृश. आजच्या वाचकाला ही यादी खुपते आणि ती खुपायलाच हवी. पण पुढे ग्रंथकार वैद्य होऊन बोलतो तेव्हा सूर बदलतो. लठ्ठपणाच्या कारणांत तो अतिभोजन, गोड आणि जड अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप सांगतो आणि त्याच ओळीत 'बीजस्वभाव'ही सांगतो. आईबापांकडून आलेलं बीज. मेदाने वाटा अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरत राहतो आणि अग्नी फुलवतो, म्हणून लठ्ठ माणसाला भूक जास्त लागते, असंही तो म्हणतो. शरीरशास्त्र जुनं असेल, निरीक्षण मात्र नेमकं आहे. भूक हा त्या शरीराचा विकार आहे, स्वभावाचा दोष नव्हे, हे एका वैद्याने फार पूर्वी ओळखलं होतं.

बीजाची ही गोष्ट पुण्यातल्या संशोधनाने आणखी मागे नेली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टर मित्रांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून चरबीदार असू शकतो. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये आया आणि त्यांची बाळं यांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात ही चरबी जन्मापासूनच सोबत असल्याचं दिसलं. वजनाने कमी भरणाऱ्या तिथल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अर्धपोटी आयांच्या पोटी आलेलं मूल पुढच्या टंचाईची तयारी करूनच जन्माला येतं, असा यामागचा तर्क आहे. भारतीयांसाठी पोटाचा घेर पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा वेगळा दंडक ठरवावा लागला तो याच घडणीमुळे.

आता कर्माचा प्रश्न विचारून पाहावा. साठीच्या माणसाच्या पोटावर जी चरबी आहे तिच्यात त्याच्या आजीने सोसलेल्या उपासमारीचा वाटा असेल, तर ती कोणाची करणी? आपल्याकडे कर्मसिद्धांताचा उपयोग अनेकदा समोरच्याला दोषी ठरवण्यासाठी झाला आहे: तुझं तू भोग. बौद्ध विचारात मात्र जे काही अनुभवाला येतं ते सगळं पूर्वकर्माचंच फळ, हे मत स्पष्टपणे नाकारलं आहे. संयुत्त निकायातच सीवक नावाच्या परिव्राजकाला दिलेलं उत्तर आहे. पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र कोप, ऋतुबदल, आघात यांनीही वेदना होतात. सगळं कर्माच्या खात्यावर मांडणारे अनुभवही ओलांडतात आणि लोकांना ठाऊक असलेलं सत्यही. पसेनदीला गाथा सांगणारा आवाज या जातीचा आहे. हे माझं पाप आहे का, असं राजाने विचारलं नाही आणि बुद्धांनीही तो विषय काढला नाही. मागचं कोणाचं का असेना, पुढचा घास राजाच्या हातात होता.

उतारवयात ताट लहान व्हावं, हे भारतीय परंपरांनी फार काटेकोरपणे सांगितलं आहे. आपस्तंब आणि बौधायन यांच्या धर्मसूत्रांत घासांचा हिशेब येतो. संन्याशाला आठ, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस आणि ब्रह्मचाऱ्याला मोजदाद नाही. शिकणाऱ्या पोराने पोटभर खावं, त्याची वाढ व्हायची आहे. संसारी माणसाला काम आहे, त्याला बत्तीस. सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं, की मनुस्मृतीच्या सांगण्याप्रमाणे वनाची वेळ झाली, तिथे निम्मे. जैन आगमांतही पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा धरला आहे, घास कोंबडीच्या अंड्याएवढा. त्यातला एक घास जरी कमी खाल्ला तरी ते 'ऊनोदरी' तप होतं. उपाशी राहणं हे पहिलं बाह्य तप आणि पोट थोडं ऊन ठेवणं हे दुसरं. उपासाला तिथी लागते. ऊनोदरी रोज करता येते आणि ती शेजारच्याला कळतही नाही.

या आकड्यांत एक धोका आहे आणि तो सांगणं भाग आहे. शास्त्राने गृहस्थाचा आहार एकदम निम्मा केला, शरीराची गरज मात्र तशी निम्मी होत नाही. साठीनंतरचा उतार वर्षाला एका टक्क्याहूनही कमी आहे. वयस्क माणसं, विशेषतः बायका, वजनाच्या धास्तीने रात्रीचं जेवण सोडून चहा-बिस्किटांवर भागवतात तेव्हा चरबीच्या आधी स्नायू जातात. मग जिना चढवत नाही, तोल जातो, एका पडण्याने खुबा मोडतो. म्हातारपणी मापात खाणं म्हणजे भाताची मूद लहान आणि वरणाची वाटी मोठी, असं साधं गणित असू शकतं. आणि हातापायांना भार पेलायला लावणं. १९९० मध्ये बॉस्टनमधल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा माणसांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली होती. पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा सांगितलेलं ऐकतो.

माप आणि नियम यांत फरक आहे, आणि धर्माचरणात नेमकी इथेच गल्लत होते. महाराष्ट्रात हे समजावून सांगायला एक एकादशी पुरते. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याचे पापड, वर शिंगाड्याचा शिरा. नियम तंतोतंत पाळलेला असतो, धान्याचा कणही पोटात गेलेला नसतो आणि खाल्लेलं मात्र रोजच्याहून जड असतं. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्या लोकांनी केली त्यांना उपासाचं मर्म ठाऊक होतं. विठ्ठलाजवळ राहायचं म्हणून जो दिवस राखला, त्याचा निम्मा वेळ किसणं, भिजवणं आणि तळणं यांत जातो.

थायलंडच्या भिक्खूंची गत याहून अवघड आहे. माध्यान्हीनंतर जेवायचं नाही, हा विनयाचा नियम ते आजही पाळतात. तरीही चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या पाहणीत जवळजवळ निम्मे भिक्खू लठ्ठ आढळले. कारणं शोधली तेव्हा कोणाचा हावरेपणा सापडला नाही. सापडली ती श्रद्धा. सकाळी पात्रात जे पडेल ते भिक्खूला नाकारता येत नाही. देणारा आपल्या गेलेल्या आईची आवडती गोड वस्तू आणतो, पुण्य तिला पोचावं म्हणून. बाजारातली तयार पाकिटं स्वस्त आणि सोयीची असतात. दुपारनंतर घन अन्न चालत नाही, पण गोड पेयं चालतात, म्हणून अंगात त्राण राहावं यासाठी साखरेचं पाणी पोटात जातं. चीवर अंगावर असताना व्यायाम करणं शोभत नाही, असं लोकांना वाटतं. एकही नियम मोडलेला नाही आणि मधुमेह दाराशी आहे. बुद्धांनी भिक्खूंना वेळेच्या नियमाइतकंच भोजनात मात्रा जाणण्याचं महत्त्व सांगितलं होतं. वेळ घड्याळ सांगतं, पण मात्रा ज्याची त्यालाच जाणावी लागते.

मराठी घरातलं असंच एक दृश्य रोज रात्री घडतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सगळ्यांची जेवणं झालेली असतात. ओट्यावर पातेल्याच्या बुडाशी पळीभर भाजी, डब्यात दीड पोळी, वाटीत तळाला राहिलेली खीर. घरातली बाई उभ्या उभ्या ते संपवते. भूक केव्हाच भागलेली असते. पण भांडं मोकळं करायचं असतं, एवढ्याशा भाजीला डबा कुठे लावायचा, आणि अन्न टाकवत नाही. 'आई, एवढी खीर संपवूनच टाक ना,' असं म्हणत मुलगाही वाटी तिच्याच पुढे सरकवतो. तीस-पस्तीस वर्षं रोज रात्री ती असे दोन-चार जास्तीचे घास घेते, आणि तिच्या पंचावन्नाव्या वर्षी तिलाच सांगितलं जातं की तोंडावर ताबा ठेव.

अन्न टाकू नये, ही शिकवण खोटी नाही. ज्या देशात दुष्काळाच्या आठवणी घराघरात आहेत तिथे अन्नाला देव मानणं अगदी खरं आहे. प्रश्न असा, की त्या देवाचा मान राखायची जबाबदारी एकाच शरीराने का उचलावी? उरलेली खीर जास्तीची आहे. ती ताटलीतून पोटात गेली म्हणून कामाला लागली असं होत नाही; तिची फक्त जागा बदलते. अट्ठकथेतली युक्ती इथे उपयोगी पडते. राजाने घास खाली ठेवला एवढ्यावर ती थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजतात. अन्नाचा मान जेवणाऱ्याच्या शेवटच्या घासाला राखायचा नसतो, तो तांदूळ मापून घेणाऱ्या हाताने राखायचा असतो. मापटं डब्यात बुडवताना जो विचार करायचा, तो आपण ताट वाढून झाल्यावर करतो.

आणि सुदर्शन? त्याच्याकडे बारकाईने पाहायला हवं, कारण घरोघरी त्याची जागा चुकीच्या माणसांनी घेतली आहे. जेवणाच्या पंगतीत, चारचौघांत, 'अहो, पुरे आता, किती खाताय' असं म्हणणारे पुष्कळ असतात. तेच लोक लग्नकार्यात 'एक जिलबी घ्याच, आमची शपथ' असा आग्रहही करतात. दोन्ही वेळा समोरच्याचं माप दुसराच ठरवत असतो. सुदर्शनला राजाने स्वतः नेमलं होतं. काय म्हणायचं ते ठरलेलं होतं, केव्हा म्हणायचं तेही. गाथेत राजाचं नाव नव्हतं, त्याच्या पोटाचा उल्लेख नव्हता. राजाची सत्ता अमर्याद होती. ताट दूर सार, असं त्याला सांगू शकणारा राज्यात कोणी नव्हता. म्हणून त्याने आपल्या विस्मरणावर एक पहारेकरी बसवला आणि त्या पहाऱ्याचे रोज शंभर कहापण मोजले. मनोनिग्रह म्हणजे एकट्याने दात आवळून बसणं, ही कल्पना या गोष्टीत कुठेच नाही. आपल्याला आठवण राहणार नाही हे मान्य करणं आणि ती कोणाच्या तरी आवाजात सोपवणं, हाच इथे निग्रह आहे.

आज तो आवाज सुईतून येऊ लागला आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही औषधं वजन कमी करण्यासाठी २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली. ती भूक मंदावतात, पोट भरल्याची खबर ठळक करतात. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. ही औषधं घेणारे अनेक जण सांगतात, की डोक्यात दिवसभर चाललेली खाण्याची कुजबुज थांबली. ज्यांनी उभा जन्म ती कुजबुज ऐकत काढली आणि वर स्वतःला दुबळं मानलं, त्यांना हे ऐकून रडू येणं स्वाभाविक आहे. साधनेने जे मिळवायचं ते औषधाने मिळालं तर साधना खोटी ठरते का, असा प्रश्न धार्मिक मनाला पडतो. तो योग्य आहे, पण त्याचं उत्तर औषधाला कमी लेखण्यात नाही. ज्याच्या गुडघ्यांना आणि हृदयाला भार सोसत नाही त्याने वैद्याच्या सल्ल्याने सुई घ्यावी, त्यात अधर्म कसला? धाप कमी करणं हेच तर गाथेचंही काम होतं. फरक आहे तो पुढचा. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत येतो, असं त्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. सुई भूक शांत करते, पण आपलं माप कोणतं हे ती शिकवत नाही.

भुकेला शत्रू मानून तिच्यावर चालून जाण्याने काय होतं, हेही नोंदलेलं आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण, बरेचसे क्वेकर, मेनोनाइट अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांचे. युद्धानंतर युरोपातल्या भुकेल्यांना कसं सावरावं हे कळावं म्हणून ते स्वतःहून उपाशी राहिले. त्यांचं सुमारे चतुर्थांश वजन गेलं. पण त्यांच्या मनातून अन्न गेलं नाही. दुसरं काही उरलंच नाही. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, जेवणाची स्वप्नं पाहत. त्यांच्या त्यागाबद्दल आदरच वाटतो. त्यातून मिळालेला धडाही स्वच्छ आहे: रित्या पोटी मन मोकळं होत नाही, ते ताटाला आणखी घट्ट बांधलं जातं.

बुद्धांनी हे स्वतःच्या देहावर करून पाहिलं होतं. मज्झिम निकायात त्यांनी आपल्या उग्र तपाचं जे वर्णन केलं आहे त्यात पोटाची कातडी पाठीच्या कण्याला लागल्याचं सांगितलं आहे. मग त्यांनी अन्न घेतलं, तेव्हा पाच सोबती त्यांना सोडून गेले. हा ढिला पडला, सुखलोलुप झाला, असं त्यांना वाटलं. पसेनदीला मापाची गाथा सांगणारा माणूस जास्त खाणाऱ्यांच्या आणि न खाणाऱ्यांच्या अशा दोन्ही वाटा तुडवून आलेला होता. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणारा आणि मुळीच न खाणारा अशा दोघांनाही योग साधत नाही, असंच सांगितलं आहे. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी पाली ग्रंथ मराठीत आणले आणि १९५६ नंतर लाखो मराठी घरांनी बुद्धांना आपलं मानलं, तेव्हा या मध्यम मार्गाची चर्चा खूप झाली. ताटातला मध्यम मार्ग मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

पसेनदीची आणखी एक भेट नोंदलेली आहे, मज्झिम निकायाच्या एकोणनव्वदाव्या सुत्तात. ती अगदी शेवटची. शाक्यांच्या मेदळुंप नावाच्या गावी बुद्ध उतरले आहेत असं कळल्यावर राजा रथ जोडून निघाला. रथाची वाट होती तिथपर्यंत तो रथातून गेला. पुढे खाली उतरला आणि पायी चालत उद्यानात शिरला. बंद दाराशी पोचल्यावर त्याने तलवार आणि पगडी उतरवून सेनापतीच्या हाती दिली, हलकेच कडी वाजवली आणि आत जाऊन बुद्धांच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढा आदर कशासाठी, असं बुद्धांनी विचारलं तेव्हा त्याने जी कारणं सांगितली त्यांत एक असं होतं: मी पुष्कळ विहारांत, उद्यानांत फिरलो, काही श्रमण-ब्राह्मण पाहिले, कृश, निस्तेज, फिकट, अंगावर शिरा उमटलेल्या. वाटलं, हे नक्की मन मारून जगत असावेत. इथले भिक्खू मात्र हसतमुख, आनंदी दिसतात.

बारीक अंगालाच साधुत्व मानण्याची चूक या राजाने केली नाही. चेहऱ्यावर काय आहे ते त्याने पाहिलं. उठण्यापूर्वी तो बुद्धांना म्हणाला, आपण दोघंही क्षत्रिय, दोघंही कोसलचे, आणि दोघांचंही वय ऐंशी. मग वंदन करून, उजवी घालून, तो आला तसा बाहेर पडला.